पाण्याचे विरजण

घरात नवी फिश टँक आली की पहिले दोन दिवस ईदच असते. पाणी नितळ, खाली रंगीत खडी, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या, आणि मधून लाल-निळ्या रेघेच्या निऑन टेट्रांची झुंड फिरत असते. तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. पाचव्या दिवशी एक उताणा तरंगतो. आठवडा संपेपर्यंत टँकमध्ये फक्त पाणबुड्या उरतो. मग घरातले सगळे कारण शोधू लागतात. कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते दुकानदाराने आजारी मासे दिले, कुणी म्हणते आपल्या हातालाच बरकत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नाही. तरी हा विषय माझ्यापर्यंत येतो तो निबंधांच्या वह्यांतून. ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय दिला की दीपनगरच्या वसाहतीतली दोन-तीन मुले तरी माशांवर लिहितात, आणि त्यातल्या बहुतेक निबंधांचा शेवट माशाच्या मरणाने होतो. पाचवीतल्या एका मुलीने लिहिले होते की तिने टँकच्या काचेला हात लावला म्हणून मासा मेला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. कारण मात्र साफ चुकीचे होते, आणि दहा वर्षांची पोर ते स्वतःवर घेऊन बसली होती.

मासा नक्की कशाने मेला हे तिला सांगायचे तर थोडा इतिहास सांगावा लागतो. हे कारण सापडायला युरोपातल्या चांगल्या चांगल्या रसायनशास्त्रज्ञांनाही चाळीस वर्षे लागली, आणि त्यानंतर मासे पाळणाऱ्यांच्या घरापर्यंत ते पोहोचायला आणखी साठ-सत्तर वर्षे गेली.

मासे पाळण्याची हौस जुनी आहे. चीनमध्ये सोनेरी मासे शेकडो वर्षे तळ्यांत आणि मातीच्या मोठ्या भांड्यांत वाढवले जात होते. औरंगजेबाच्या काश्मीर दौऱ्याबरोबर गेलेला फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निये तिथल्या एका शाही बागेतल्या हौदाचे वर्णन करतो. हौदातले मासे माणसाळलेले होते आणि मोठ्या माशांना सोन्याची कडी घातलेली होती. ती जहांगीरची बेगम नूरजहानने घालायला लावली, असे त्याला सांगण्यात आले. हे मासे जगले कारण हौदात झऱ्याचे पाणी सतत येत-जात होते, तळाशी गाळ होता, दगडांवर शेवाळ होते. हौद हा जिवंत झऱ्याचाच एक भाग होता. काचेची पेटी तशी नाही. काचेत कोंडलेल्या पाण्याला ना येणे, ना जाणे. खरी अडचण तिथून सुरू होते.

१८३२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहरात जान व्हिलप्रे-पॉवर या बाईंनी समुद्री जीवांचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या पेट्या करवून घेतल्या. त्या मूळच्या फ्रान्समधल्या, शिवणकाम करून पुढे आलेल्या. त्यानंतर १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी रोज नवे आणणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी तेच पाणी रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायला लावले, म्हणजे त्यात हवा मिसळेल. हे काम बाईंनी नाही, त्यांच्या मोलकरणीने केले. आज शंभर-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या एअर पंपाचे काम तेव्हा त्या मोलकरणीचे दोन हात करत होते. इतिहासात तिचे नाव आढळत नाही.

मग आला रॉबर्ट वॉरिंग्टन. हा लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये औषधांची रसायने बनवणारा माणूस. बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात त्याने सोनेरी माशांची जोडी सोडली आणि व्हॅलिस्नेरिया ही रिबिनीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. ती आपल्याकडच्या तळ्या-नद्यांतही उगवते. हिशोब सरळ होता. मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेईल, वनस्पती जो प्राणवायू सोडेल तो मासा घेईल. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर शेवाळ चढले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय अशा तिघांच्या सहकाराने पाणी न बदलता भांडे चालू राहते, असे त्याचे म्हणणे होते.

काळ अनुकूल होता. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले. त्याच्या मागे फिलिप हेन्री गॉस हा निसर्गअभ्यासक होता. पुढच्याच वर्षी त्याने ‘द अक्वेरियम’ नावाचे पुस्तक लिहिले आणि हा शब्द घराघरांत गेला. दिवाणखान्यात काचेची पेटी ठेवण्याचे वेडच लागले. आणि घराघरांत तेच झाले जे आज दीपनगरच्या क्वार्टरमध्ये होते. नव्या पेटीत मासे मरत. लोक पुस्तकात वाचल्याप्रमाणे वनस्पती लावत, गोगलगायी सोडत, तरी मरत. दहा-पंधरा वर्षांत वेड ओसरले.

टिकले ते थोडेच. विल्यम आल्फर्ड लॉइड हा त्यांतला एक. त्याने १८६४ मध्ये हॅम्बुर्गचे आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय उभारले. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या कितीतरी पट मोठी टाकी तो खाली अंधारात ठेवी आणि पंपाने पाणी रात्रंदिवस फिरवत राही. पाणी फेकू नका, फिरवा, हा त्याचा नियम. त्याला वाटे की हे सगळे प्राणवायूमुळे होते. अर्धे खरे होते. उरलेले अर्धे टाक्यांच्या भिंतींवर आणि दगडांवर बुळबुळीत थराच्या रूपात बसलेले होते. पण ते डोळ्यांना दिसत नव्हते.

ते कुठे सापडले? माशांच्या पेटीत नाही, तर मातीत आणि सांडपाण्यात.

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत गोठ्याकडच्या भिंतीला पांढरा लोणा लागलेला आपण पाहिला आहे. त्या पांढऱ्या थरात सोरा असतो, उर्दूत शोरा. बंदुकीच्या दारूत सर्वांत मोठा वाटा याच सोऱ्याचा. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या अशी माती धुऊन सोरा काढत आणि युरोपातल्या कंपन्या तो जहाजे भरभरून नेत. जनावरांचे मूत्र मातीत मुरते आणि काही महिन्यांनी तिथे सोरा तयार होतो, हे सगळ्यांना माहीत होते. कसा होतो, हे कुणालाच माहीत नव्हते. आपोआप होणारी रासायनिक क्रिया असावी, असा समज होता.

१८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच संशोधकांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी संथपणे झिरपत सोडले. सुमारे वीस दिवस काहीच झाले नाही. जसा अमोनिया वरून जाई तसाच खालून बाहेर येई. वीस दिवसांनंतर अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट, म्हणजे सोऱ्याचा मुख्य अंश, येऊ लागला. केवळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्या दिवसापासून झाली असती, वीस दिवस कशाची वाट पाहत थांबली असती? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद पडली. क्लोरोफॉर्म काढला तरी ती सुरू होईना. मग चिमूटभर बागेतली माती पाण्यात कालवून वरून ओतली आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा येऊ लागले. याचा अर्थ एकच होता. वाळूवर कुणीतरी जिवंत राहत होते, ते क्लोरोफॉर्मने मेले आणि मातीबरोबर पुन्हा राहायला आले.

आपल्या बायका रोज रात्री दुधाच्या पातेल्यात चमचाभर जुने दही टाकतात, ते हेच. दूध कितीही शुद्ध असले तरी विरजण नसेल तर दही लागत नाही. त्या नळीला मातीचे विरजण लागले.

पुढचा भाग मला फार आवडतो. फ्रेंच प्रयोग वाचून इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात एका रसायनशास्त्रज्ञाने हाच विषय हाती घेतला आणि दहा-बारा वर्षे त्यात घालवली. हे काम एका नाही, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जिवाणूंचे आहे, हे त्याने दाखवले. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. या माणसाचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. माशांच्या भांड्यात गोगलगायी सोडणाऱ्या वॉरिंग्टनचा हा मुलगा, बापाचेच नाव असलेला. बापाच्या प्रयोगात जे कोडे उरले होते त्याची किल्ली मुलाने शेतातल्या मातीत शोधली. हे जिवाणू वेगळे करणे मात्र त्याला जमले नाही. ते १८९० मध्ये झ्युरिकमध्ये सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने केले. इतर जिवाणू ज्या पौष्टिक जेलीवर वाढतात तिच्यावर हे वाढत नव्हते. त्याने सगळे खाद्य काढून फक्त क्षार ठेवले, तेव्हा ते वाढले. अमोनियातूनच जगण्याची शक्ती मिळवणारे असे हे जीव.

आता नव्या फिश टँककडे परत येऊ. मासा श्वास घेतो, खातो आणि त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनिया. तळ्यात तो लगेच खाल्ला जातो, कारण प्रत्येक दगडावर हे जिवाणू आहेत. नव्या टँकमध्ये धुतलेली खडी, कोरी काच, नवा फिल्टर आणि नळाचे क्लोरीन मारलेले पाणी. तिथे कुणीच राहत नाही. पाणी दिसायला स्वच्छ आणि माशाच्या दृष्टीने विष होत चाललेले. अमोनिया कल्ले जाळतो, म्हणून मासा वर येऊन हवा घेऊ पाहतो. दोन-तीन आठवड्यांनी पहिले जिवाणू वाढले की नायट्राइट वाढतो. तो माशाच्या रक्तात जाऊन त्याची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतो आणि रक्त तपकिरी पडते. दुसरे जिवाणू जमले की तो उतरतो. हे सगळे व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. श्लोझिंग आणि म्युंट्झच्या नळीने जे वीस दिवस घेतले, तेच वीस दिवस आपल्या माशांच्या जिवावर बेततात.

खानदेशात हे संकट आणखी धारदार होते. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक विषारी. कुठले रूप किती हे पाण्याच्या सामूवर ठरते. माती परीक्षणाच्या कागदावर केळीवाल्या शेतकऱ्याने पाहिलेला असतो, तोच सामू. पाणी २५ अंशांवर असताना सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा शेकडा अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि पाणी ३० अंशांना तापले की सातच्या पुढे. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड, क्षाराचे, सामू वरच्या बाजूला झुकलेला. त्यात भुसावळचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना तो ७ च्या खाली येतो. विष जास्त आणि श्वास कमी, अशी दोन्हीकडून कोंडी.

एवढे सगळे १८९० मध्ये कळले होते, मग मत्स्यालयवाल्यांना का कळले नाही? कारण शेतीचे शास्त्र शेतीच्या नियतकालिकांत राहिले आणि माशांच्या हौशीची पुस्तके थोरल्या वॉरिंग्टनचा ‘समतोल’ घोकत राहिली. १९४९ मध्ये न्यूयॉर्क मत्स्यालयाच्या जेम्स ॲट्झने लिहिले की वनस्पती आणि माशांचा हा समतोल म्हणजे एक दंतकथा आहे, पाण्याला प्राणवायू मुख्यतः वरच्या पृष्ठभागावरून मिळतो. फिल्टरमधल्या जिवाणूंचे रसायन मत्स्यालयासाठी नीट मांडणारे स्टीफन स्पॉट यांचे पुस्तक आले १९७० मध्ये. त्याआधी मोठमोठी मत्स्यालये चालत होती ती अनुभवाच्या आणि पैशाच्या बळावर. शिकागोचे शेड मत्स्यालय १९३० मध्ये सुरू झाले. त्यासाठी समुद्राचे दहा लाख गॅलन पाणी फ्लोरिडाच्या टोकावरून रेल्वेने आणले. वीस टँकर डब्यांनी आठ फेऱ्या केल्या. भुसावळच्या रेल्वेवाल्यांना या वाहतुकीचे कौतुक वाटेल. आपल्याकडे मद्रासला १९०९ मध्ये मत्स्यालय झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडले. आठ लाखांच्या खर्चात दोन लाखांची देणगी तारापोरवाला या पारशी घराण्याची. खानदेशातल्या कित्येक शाळांच्या मुंबई सहलीत गेटवे, राणीची बाग आणि तारापोरवाला हे ठरलेले टप्पे असत. घरी मासे पाळायची इच्छा तिथूनच पोरांच्या मनात यायची. काचेपलीकडचा मासा दिसायचा, काचेमागची फिल्टरची खोली दिसायची नाही.

शास्त्रही थांबलेले नाही. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये दुसरा टप्पा पार पाडणारे जिवाणू पुस्तकांत लिहिलेले नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा आहेत, हे १९९८ मध्ये दिसून आले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पुरे करणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच सापडले. धाकट्या वॉरिंग्टनने दोन कामगार मोजले होते, सव्वाशे वर्षांनी कळले की एकटाच दोन्ही पाळ्या करणाराही आहे.

दीपनगरच्या माणसाला ही गोष्ट एका बाजूने चटकन कळायला हवी. आपले गाव पाण्यावर चालते. हतनूर धरणातून तापीचे पाणी वीज केंद्रात येते. बॉयलरसाठी त्यातला क्षार न्‌ क्षार काढून टाकला जातो, नाहीतर नळ्यांत खपली धरते. थंड करण्याच्या पाण्यात क्लोरीन सोडले जाते, कारण नळ्यांच्या आत जिवाणूंचा बुळबुळीत थर चढला की उष्णता नीट जात नाही. त्या थराशी केंद्रातली माणसे पाळीवर पाळी लढत असतात. ड्युटी संपवून तोच माणूस घरी येतो आणि टँकचा फिल्टर उघडतो. आत तोच तपकिरी बुळबुळीत थर दिसतो. सवयीने तो स्पंज नळाखाली धरून लख्ख धुतो. कामावर जे बरोबर, ते घरी नेमके उलटे. तिथे जो शत्रू, तो इथे माशांचा पोशिंदा.

आम्ही भाषा शिकवणारे शब्दांत रमतो म्हणून सांगतो. फारसीत पाण्याला ‘आब’ म्हणतात. तोच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला मान, प्रतिष्ठा. आब राखावा, असे आपण म्हणतो. मराठी माणूस एखाद्याची ताकद पाहतो तेव्हा त्याचे ‘पाणी जोखतो’. या दोन्ही भाषांना ठाऊक आहे की पाणी म्हणजे नुसती ओल नव्हे, त्याच्या अंगात काहीतरी असावे लागते. टँकच्या पाण्याचेही तसेच. ते जोखूनच मासा सोडावा.

जोखायचे कसे, तेही सांगतो. टँक भरा, फिल्टर आणि एअर पंप चालू करा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढण्यासाठी पाणी एक-दोन दिवस हवा सोडून ठेवा किंवा हायपोचे दोन-चार खडे टाका. फोटो स्टुडिओत पूर्वी जे हायपो वापरत तेच हे, सोडियम थायोसल्फेट. मासे आणू नका. रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाका; ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना जेवण मिळेल. ओळखीत कुणाकडे वर्ष-दोन वर्षे नीट चालू असलेली टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडी मागून आणा, ओली ठेवूनच. हेच विरजण. त्या टँकमध्ये रोगराई नाही एवढे मात्र आधी विचारा. विरजण चांगले असेल तर सहा आठवड्यांचे काम दोन-तीन आठवड्यांवर येते. दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे किट मिळते. दोन्ही आधी चढतात आणि मग शून्यावर येतात. खाद्य टाकूनही ते शून्यावर राहिले की पाणी तयार. फिल्टरचा स्पंज कधीही टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या. सगळे पाणी एकदम बदलू नका. वीज तासन्‌तास गेली तर फिल्टरमधल्या जिवाणूंचाही श्वास कोंडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या. उन्हाळ्यात टँकचे झाकण काढून वर जाळी लावा आणि पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्या.

पाणी तयार झाले म्हणून लगेच नाजूक मासे सोडू नयेत. आधी गप्पी, मॉलीसारखे काटक मासे, तेही मोजके. जिवाणूंची संख्या जेवणाच्या मापाने वाढते. चार पाहुण्यांच्या स्वयंपाकात चाळीस जण जेवत नाहीत. निऑन शेवटी. निऑन हा पेरूकडच्या वरच्या ॲमेझॉन खोऱ्यातला मासा, पानांच्या अर्काने चहासारख्या झालेल्या, मऊ आणि आम्ल पाण्यातला. शास्त्राने त्याचे नाव नोंदवले १९३६ मध्ये. आज दुकानातले बहुतेक निऑन पैदास केलेले असतात, थोडे जड पाणी सोसतात. पण एका दिवसातला बदल त्यांना सोसत नाही. पिशवी आधी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णता सारखी होते. मग पिशवी उघडून टँकचे पाणी थोडे थोडे घालत जावे. त्यात फार वेळ काढू नये, कारण बंद पिशवीतले अमोनियाचे विष उघडल्यावर जोर धरते. शेवटी मासा जाळीने उचलून सोडावा, पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नये.

जळगाव जिल्ह्यात हे पटवून द्यायला फार बोलावे लागू नये. टिश्यू कल्चरचे केळीचे रोप प्रयोगशाळेच्या बाटलीतून काढून कुणी थेट रावेरच्या शेतात लावत नाही. आधी हरितगृह, मग शेडनेट, तिथे काही आठवडे हार्डनिंग, मग शेत. शेतकरी त्या आठवड्यांना उशीर म्हणत नाही. आमच्या शाळेतही दर जूनला बदलीवर आलेल्यांची मुले येतात, कुणी कोराडीहून, कुणी परळीहून. उर्दू माध्यमातून मराठीत येणारी काही असतात. त्यांतली हुशार मुले पहिल्या चाचणीत गप्प बसलेली आढळतात. त्यांना कच्चे म्हणण्याआधी मी पाहतो की बाकावर शेजारी कोण बसले आहे. आपल्या जागी रुळलेले, मोकळ्या मनाचे एखादे पोर शेजारी दिले की निम्मे काम होते.

आता एवढेच की बाजाराची घाई वेगळी आहे. टँक आणि मासे एकाच फेरीत विकले जावेत, यातच विक्रीची सोय आहे, आणि मेलेल्या माशाच्या जागी दुसरा विकला जातो. वीस-तीस रुपयांचा जीव, म्हणून कुणाला त्याचे ओझे वाटत नाही. पण नीट राहिला तर तोच निऑन दोन-तीन वर्षे सहज जगतो. त्याच्या आणि मरणाच्या मध्ये उभे असतात ते फक्त पाच-सहा आठवडे, आणि ते आपल्या हातात आहेत.

त्या दिवसांत घरी येणारा प्रत्येक पाहुणा टँककडे पाहून हमखास विचारील, पाणी आहे, दिवा आहे, फिल्टर चालू आहे, मग मासे कुठे आहेत? मुलांना उत्तर शिकवून ठेवावे: येणार आहेत, पाणी अजून लागायचे आहे.